तिखट आजीची जागा

चोंगछिंग, २० मार्च २००५

लेई विहीणबाई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. तुमची श्याओमान आणि माझा वेइतोंग आपापल्या कामावर जातात, नीनी बालवाडीत जाते, आणि मी दाराला कुलूप लावून जिन्यात उभी राहते. वर जाऊ की खाली, हेच कळत नाही. आमचं लिन्फन सपाट. तिथे माणूस घराबाहेर पडला की पुढे जातो. इथे पुढे असं काही नाहीच.

फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही फोनवर दोन शब्दांच्या वर बोलतच नाही. मागच्या रविवारी मी विचारलं, नीनीला अंड्याची पोळी कशी लागते, तर तुम्ही म्हणालात, "हो, परवाच पडला," आणि फोन व्याहीबुवांच्या हातात दिलात. पाऊस म्हणायचं होतं वाटतं तुम्हाला. माझी शान्शीची बोली तुम्हाला कळत नसणार. इथल्या भाजीवालीलाही कळत नाही. मी कोथिंबीर मागितली की ती आलं देते.

आपण दोघी भेटलो लग्नात, आणि मग यंदा नववर्षाच्या जेवणाला. दोन्ही वेळा तोंडात घास होता. म्हणून आज निवांत विचारते. तुम्ही इथे अडीच वर्षं काढलीत. पोरीला सकाळी बालवाडीत सोडलं की संध्याकाळी आणेपर्यंत तुम्ही करायचात तरी काय? घर झाडून होतं, कपडे वाळत पडतात, आणि दिवस तसाच पुढ्यात पडलेला असतो. कापडगिरणीत होते तेव्हा वाटायचं, एक दिवस मोकळा मिळाला तर काय काय करीन. आता रोजच मिळतोय, तर सुचत नाही.

नीनी मजेत आहे. तुम्हाला ती तिखट आजी म्हणते आणि मला पिठाची आजी, सारखी कणीक मळत असते म्हणून. झोपेत मात्र अजून तुम्हालाच हाक मारते, मी ओ देते.

व्याहीबुवांचा गुडघा कसा आहे? त्यांच्यापायी तुम्हाला असं घाईनं जावं लागलं, जिवाला लागून राहिलंय.

तुमची,
च्याओ फंगयिंग


वरची वाडी, रोंगश्येन, २ एप्रिल

च्याओ विहीणबाईंना नमस्कार.

अंड्याची पोळी: कांद्याची पात बारीक, मीठ शेवटी, कडा कुरकुरीत. कडा जाड झाल्या तर ती खात नाही, खिशात ठेवते.

भाजी खालच्या बाजारातून घ्या, वरच्या नको. वरचा माणूस पालेभाजीवर पाणी मारून वजन करतो. पाऊस असेल तर बालवाडीच्या मागच्या पायऱ्या टाळा, शेवाळ आहे. बाजाराच्या पायऱ्यांवर नीनीला मागे राहू देऊ नका. पुढे ठेवा, नाहीतर हात धरा. हे विसरू नका.

करण्यासारखं म्हणाल तर त्या शहरात काही नाही. चढा आणि उतरा. दुपारी झोपा. मी झोपत असे.

गव्हाच्या पिठावर वाढलेल्या माणसांना तिथली दमट हवा सोसत नाही असं ऐकते. जेवणात तिरफळ जास्त घाला. तुमच्याकडच्या आंबट शिरक्यानं भागणार नाही.

ह्यांचा गुडघा आहे तसाच आहे.

लेई शूचन


चोंगछिंग, २४ एप्रिल

विहीणबाई,

तुमचा सल्ला मानून दोन दुपारी झोपले. तिसऱ्या दुपारी अंगाला मुंग्या आल्या. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेला, मला दिवसाउजेडी झोप कुठली! तेव्हा मी एक युक्ती काढली. नीनीला सोडायचं, आणि रस्त्यात माझ्या वयाची जी बाई हातात काहीतरी घेऊन लगबगीनं चाललेली दिसेल, तिच्या मागे जायचं. लगबग आहे म्हणजे कुठेतरी काहीतरी बरं असणारच.

पहिलीच्या हातात घडीचं स्टूल होतं. तिच्यामागे जिने उतरले, एक बोगदा ओलांडला, तर ती एका औषधाच्या दुकानासमोर रांगेत जाऊन बसली. फुकट रक्तदाब बघत होते. मीही बघून घेतला. उत्तम आहे.

दुसरीच्या हातात पांढरी फुलं होती. तिथेच मला कळायला हवं होतं. मी थेट कुणाच्यातरी मयताच्या मंडपात जाऊन उभी. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, तुम्ही कोण. बसवलं, वाटीत वाढलं. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "म्हातारा चांगला होता." मी म्हटलं, "हो, फारच चांगला." ते म्हणाले, "पत्त्यात लबाडी करायचा तेवढी." मी म्हटलं, "तेवढी करायचा." डोळ्यांत पाणी मात्र खरं आलं, आमच्या ह्यांची आठवण झाली.

तिसरीच्या हातात झाकणाची चहाची बरणी होती. आता नीट ऐका. तिच्यामागे मी जुन्या गोदीवरच्या चहाघरात शिरले. आत दहाबारा म्हातारे-म्हाताऱ्या एका छोट्या ढोलाभोवती कोंडाळं करून बसलेले. ना रंग फासलेला, ना भरजरी कपडे, अंगात घरचेच स्वेटर, आणि नाटकातली पदं गात होते! एक बाई उभी राहून ओळ म्हणायची, ती थांबली की बाकीचे सगळे झील धरायचे, आणि मध्ये ढोल, झांजा, घंटा असा काही दणका की वाटलं मी गिरणीतच आले. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण उठवेना.

मग ढोल वाजवणाऱ्या आजोबांची नजर माझ्या मांडीवरच्या पिशवीवर गेली. निळी, लाल माशाचं ठिगळ लावलेली.

"ही पिशवी कुठून आणलीत?"

"घरातल्या खुंटीवरून."

"ही लेईची आहे. ते ठिगळ माझ्या बायकोनं लावून दिलंय."

विहीणबाई, पुढे काय झालं ते काय सांगू! सगळे माझ्याभोवती गोळा झाले. लेई कुठे आहे, बरी आहे ना, न सांगता कशी गेली. मी तुमची विहीण म्हटल्यावर चहा आला, भाजलेल्या बिया आल्या, कुणीतरी उशी आणून दिली. अडीच वर्षं तुम्ही तिथे गात होतात! ख्वांग मास्तर, म्हणजे ते ढोलवाले, म्हणाले की तुम्ही भांडखोर सुनेचं पद म्हणायला लागलात की रस्त्यावरची माणसं दारात थबकायची.

आणि मला लिहिता, दुपारी झोपा! वा विहीणबाई! बराच मोठा आवाज होता की तुमच्या झोपेला.

व्याहीबुवांच्या गुडघ्यासाठी लिन्फनचे औषधी लेप सोबत पाठवते. रात्री गरम करून लावायचे.

च्याओ फंगयिंग


वरची वाडी, ५ मे

च्याओ विहीणबाई,

बायकांच्या मागे मागे जाणं बरं दिसत नाही. शहरात तुम्हाला कुणी ओळखत नसलं तरी श्याओमानला ओळखतात.

पिशवी माझी आहे. वापरा. तिचा बंद कच्चा आहे, त्यात भोपळा घालू नका.

श्याओमानला यातलं काही सांगू नका. लेकीनं मला नात सांभाळायला बोलावलं होतं, गायला नव्हे. नीनीला घ्यायला मला एकदाही उशीर झाला नाही, हे बालवाडीत विचारून बघा. गाणं सोडलं कारण घसा बसला. या वयात बसतो.

चहाघरात खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवर बसू नका. तिचा पाय डुगडुगतो. सवय असलेल्यालाच जमतं.

हल्ली भांडखोर सुनेचं पद कोण म्हणतं? फांग बाई म्हणत असेल तर देव त्या सुनेला वाचवो. ती दुसऱ्या ओळीला श्वास घेते. तिथे श्वास घ्यायचा नसतो. ख्वांग मास्तरांचा खोकला गेला का? दाराशी बसणारा तो शिंपी अजून गाण्याच्या मध्येच नाक शिंकरतो का?

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. सहज विचारलं.

लेप मिळाले. लावते.

लेई शूचन


रोंगश्येन बाजार, १९ मे

च्याओ विहीणबाईंना वान छांगशुनचा नमस्कार.

मी नीनीचा आजा. मला पत्र लिहिता येत नाही, म्हणजे येतं, पण सवय नाही. विषय लेपांचा आहे.

काल तांदळाच्या डब्यामागे मला लेपांचं पाकीट सापडलं. वर तुमच्या अक्षरात, व्याहीबुवांच्या गुडघ्यासाठी. विहीणबाई, माझ्या गुडघ्याला काय झालंय? मी रोज ओढ्यावरून पाण्याच्या दोन बादल्या आणतो. संत्र्याच्या झाडावर चढतो. तुम्हाला काही कळलं असेल तर मलाही कळवा, गुडघा माझा आहे.

हिला विचारलं, "हे काय?" तर ही म्हणाली, "खत उद्या घालू." हल्ली असंच चालतं. मी एक विचारतो, ही भलतंच सांगते. आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात ही माझं कधी ऐकतच नव्हती, त्यामुळे फरक पडलाय हे माझ्या लवकर लक्षात आलं नाही. पण परवा स्वयंपाकघरात पातेलं धाडकन पडलं, ही पाठमोरी होती. वळून बघितलं नाही.

आणि ही गात नाही. लग्न झाल्यापासून चुलीपुढे ही गायली नाही असा दिवस मला आठवत नाही. आता घरात कोंबड्यांचाच आवाज.

मला वाटलं होतं तिथे काही भांडण झालं आणि जावईबापूंनी परत पाठवली. तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी कुणावर चिडणार नाही. हे पत्र हिला न सांगता बाजारातून टाकतोय. हिच्या नावावर उत्तर पाठवलंत तरी चालेल, पण माझं नाव घेऊ नका. घेतलंत तरी चालेल.

वान छांगशुन


चोंगछिंग, २ जून

विहीणबाई,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी. पद फांग बाईच म्हणतात, आणि दुसऱ्या ओळीला श्वास घेतात, मी मुद्दाम लक्ष दिलं. मास्तरांचा खोकला गेला. शिंपी शिंकरतो. वेताच्या खुर्चीवर कुणीच बसत नाही, तिच्यावर चहाची किटली ठेवतात.

आता माझं ऐका, आणि रागवायचं असेल तर शेवटी रागवा.

इतके दिवस मला वाटत होतं, तुम्ही माझ्यामुळे गेलात. नववर्षाच्या जेवणाला मी म्हणाले होते, "पोरीला आता जरा आमचंही वळण लागू दे." तुम्ही माझ्याकडे बघून नुसत्या हसलात. मला वाटलं, हे हसणं म्हणजे तलवार आहे. त्या रात्रभर तळमळले. आता वाटतं, तुम्हाला ते ऐकूच आलं नव्हतं.

नीनी परवा माझ्या सदऱ्याला धरून ओढत होती. मी म्हटलं, "अगं, हाक मार ना, फाटेल." ती म्हणाली, "तिखट आजीला हाक मारून चालत नाही, ओढावं लागतं." ख्वांग मास्तर म्हणतात, शेवटी शेवटी तुम्ही घुम्या झाला होतात, कुणी बोललं तर उत्तर देत नव्हतात, त्यांना वाटलं कुणावर तरी राग आहे. फोनवर तुम्ही पावसाचं बोलता. आणि गुडघ्याबद्दल बोलू नये, कारण तो गुडघा संत्र्याच्या झाडावर चढतो. व्याहीबुवांना काही बोलू नका, ते घाबरलेत.

माझ्या शेजारच्या मागावर यिन नावाची बाई होती. मागांचा आवाज माहीत नाही तुम्हाला. तिथे माणूस बोलत नाही, तोंडं हलवतो. त्या आवाजानं तिचे कान गेले. वर्षभर तिनं कुणाला कळू दिलं नाही. काय विचाराल त्याला "हो हो" म्हणायची, आणि हसायची. तुमच्यासारखंच हसायची.

विहीणबाई, तुम्हाला कमी ऐकू येतं का?

मी कुणालाही बोललेले नाही.

फंगयिंग


चोंगछिंग, २० जुलै

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. फोन आला की व्याहीबुवाच बोलतात, म्हणतात ती गोठ्यात आहे. तुमच्याकडे गोठा आहे हे श्याओमानला नव्यानंच कळलं.

नको असेल तर उत्तर देऊ नका, मी लिहीत राहणार. मला दुसरं काम तरी काय.

बालवाडीला सुट्टी लागली आणि इथे अंगाची भाजी व्हायला लागली. तुम्हाला माहीतच आहे. आम्ही दोघी आता दिवसभर टेकडीच्या पोटातल्या त्या भुयारात असतो, युद्धात बॉम्बपासून लपायला खोदलेल्या. काय गारवा आहे हो! पहिल्या दिवशी मी स्वेटर नेला नाही, तर एका बाईनं नीनीला स्वतःचा टॉवेल गुंडाळला. लोक खाटा आणतात, सोंगट्यांचे डाव मांडतात, एक जण तर आतमध्ये केस कापतो. मला नवल याचं वाटलं की ज्या भुयारात यांचे आईबाप जीव मुठीत धरून बसले, तिथे हे कलिंगड खातात. मी एका आजींना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग काय त्यांच्यासाठी रडत गरमीत बसू? माझी आईच म्हणायची, इथे एकदा नुसतं बसायला मिळालं पाहिजे."

चहाघरही उन्हाळ्यापुरतं इथेच आलंय. भुयारात तो ढोल असा घुमतो की नीनी पोटावर हात ठेवून हसते. त्यांनी मला गायला लावलं. मी आमच्याकडचं एक पद म्हटलं. शिंप्यानं नाक शिंकरायचं थांबवलं, यावरून काय ते ओळखा.

फांग बाई काल माझ्याशेजारी येऊन बसल्या. बराच वेळ बिया सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती गेली त्या दिवशी मीच आधी हसले. तिचा सूर भलतीकडेच चालला होता, मला वाटलं मुद्दाम गंमत करते. तिला सांगा." ख्वांग मास्तर लांबून ओरडले, "आणि हेही सांगा, सूर चुकला म्हणून कुणी जातं का? मी पन्नास वर्षं ढोल चुकवतोय, मला कुणी घालवलं?"

सांगितलं.

फंगयिंग


वरची वाडी, ६ ऑगस्ट

फंगयिंग बाई,

तुमचं जूनचं पत्र वाचून मला इतका संताप आला की मी ते चुलीत घातलं. मग काढलं. कडा जळल्यात, मजकूर शाबूत आहे.

आधी डावा कान गेला. त्याचं काही वाटलं नाही. मी खुर्ची बदलली, उजवा कान ढोलाकडे केला. तीच ती वेताची खुर्ची, तिचा पाय चांगला आहे. मग गेल्या हिवाळ्यात उजवाही जायला लागला. माणसं पाण्याखालून बोलतात तसं वाटायचं. त्या दिवशी मी पद म्हणत होते आणि मला ते नेहमीसारखंच वाटत होतं. लोक हसले. हसणं मला ऐकू आलं नाही, दिसलं. मी पिशवीसुद्धा विसरून आले असते, मास्तरांच्या बायकोनं हातात दिली.

तेवढ्यानं मी गेले नसते. गाणं काय, चुलीपुढेही होतं.

त्याच आठवड्यात मी नीनीला घेऊन बाजाराच्या पायऱ्या उतरत होते. ती मागे होती. मी खाली पोहोचले, मुळे निवडले, पैसे दिले. एका मासळीवालीनं माझी बाही ओढून वर बोट दाखवलं. नीनी अर्ध्या जिन्यात अडकली होती. वरून कोबीच्या टोपल्या उतरवत होते, माणसं दोन्ही बाजूंनी रेटत होती, आणि ती भिंतीला पाठ लावून रडून रडून काळीनिळी झाली होती. मासळीवाली म्हणाली, म्हणजे तिच्या तोंडावरून मी ओळखलं, "पोर किती वेळ हाका मारतेय तुम्हाला!"

तिला काही झालं नाही. घरी गेल्यावर ती विसरूनही गेली. मी त्या रात्री ह्यांच्या गुडघ्याची गोष्ट रचली.

बहिऱ्या बाईच्या हाती पोर देऊ नये. हे मला कुणी सांगायला नको होतं, आणि कुणी सांगण्याआधी मला निघायचं होतं. लेकीच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ऐकू तरी आलं असतं का, कोण जाणे.

ह्यांना आता कळलंय. दोन दिवस रागानं नुसतं पाणी भरत राहिले. मग पाटी आणि खडू घेऊन आले. शाळेतल्या पोरासारखे पाटीवर लिहून विचारतात, "भात की शेवया?" मला हसू येतं आणि त्यांना राग येतो.

तुमच्या त्या यिन बाईचं पुढे काय झालं? ती घरी बसली का?

शूचन


चोंगछिंग, १५ ऑगस्ट

शूचन बाई,

यिन घरी बसली नाही. तोंडं वाचण्यात आम्ही गिरणीवाल्या सगळ्या तरबेज, तिला तर आमच्यापेक्षा जास्त यायचं. आज लिन्फनच्या बागेत तिच्याइतकं गावातलं कुणाला ठाऊक नसतं, कारण पलीकडच्या बाकावर कोण काय कुजबुजतंय ते तिला दिसतं. तिच्याजवळ बसून सुनेची चुगली करायची सोय राहिली नाही.

तुम्ही मासळीवालीचं तोंड वाचलंतच की. म्हणजे सुरुवात झालीच आहे.

आता मी काय ठरवलंय ते सांगते. सप्टेंबरातल्या शरदाच्या पौर्णिमेला तुम्ही इथे या. सणाला लेकीकडे येताय, त्यात कुणाला काही विचारायचं कारण नाही. इथल्या मोठ्या दवाखान्यात कान दाखवू. कानामागे लावायचं यंत्र मिळतं. यिन म्हणते ते कधी कधी शिट्टी वाजवतं, पण नसण्यापेक्षा बरं.

श्याओमानला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं. मी शेजारी बसेन, वाटलं तर टेबलाखालून चिमटा काढेन.

खाट एकच आहे. मी भिंतीकडे सरकते. मी घोरते, त्याचा तुम्हाला त्रास होणार नाही.

आणि ते, बहिऱ्या बाईच्या हाती पोर देऊ नये, वगैरे. मला इथल्या पायऱ्या कळत नाहीत, बोली कळत नाही, परवा मी नीनीला घेऊन उलट्या बसमध्ये चढले आणि आम्ही नदीपलीकडे पोहोचलो. माझ्या हाती तरी का द्यावं? तुम्हाला वाटा पाठ आहेत, मला ऐकू येतं. एका पोरीला दोन आज्या काही जास्त नाहीत.

कळवा.

फंगयिंग


चोंगछिंग, ४ ऑक्टोबर

वान व्याहीबुवांना च्याओ फंगयिंगचा नमस्कार.

तुम्ही विहीणबाईंना बसमध्ये बसवून दिलंत, त्याला पंधरवडा उलटला. त्या लिहीन लिहीन म्हणतात आणि लिहीत नाहीत, म्हणून मीच लिहायला बसले. तुमची संत्री पोहोचली, अर्धी वाटेतच बसमधल्या लोकांना वाटून झाली होती.

सणाच्या रात्री जेवण झालं, चंद्राच्या पोळ्या कापल्या, आणि विहीणबाईंनी चाकू खाली ठेवून सांगून टाकलं. चिमटा काढायची वेळ आली नाही. कानाचं सांगितलं, बाजाराच्या पायऱ्यांचं सांगितलं, गुडघ्याचंही. श्याओमान आधी रडली, मग चिडली. "आई, मी तुझी कोण आहे? परकी आहे का? अडीच वर्षं एका घरात राहून मला कळलं नाही, मला कसं वाटेल याचा विचार केलास?" विहीणबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. सगळं कळलं त्यांना. म्हणाल्या, "तू घरी येतेस तेव्हा दमलेली असतेस. मला वाटलं, आणखी एक काम कशाला." त्यावर ती फारच रडली. मग उठून आईच्या ताटलीत मोठा तुकडा वाढला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डावा कान गेला तो गेला, उजव्याला यंत्रानं थोडं उजाडेल. यंत्र लावून आम्ही रस्त्यावर आलो तर विहीणबाई तिथेच थबकल्या. "फंगयिंग, हे शहर इतकं ओरडतं?" म्हटलं, "तुमचंच शहर आहे." पहिले दोन दिवस त्यांनी ते उशीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी श्याओमान काहीतरी ओरडून विचारत होती, तर म्हणाल्या, "हळू बोल, लावलंय."

चहाघरात काल गेलो. श्याओमानही आली, सुट्टी होती. मी ख्वांग मास्तरांना आधी काही सांगून ठेवलं नव्हतं, पण किटली खुर्चीवरून उचललेली होती. विहीणबाईंनी खुर्ची फिरवून मास्तरांच्या अगदी समोर ठेवली, त्यांच्या काड्या दिसतील अशी. फांग बाई उठल्या आणि त्यांना चहा ओतून गेल्या.

मग विहीणबाई उभ्या राहिल्या. यंत्रानं शिट्टी वाजवली, सगळे दचकले. त्यांनी ते काढून श्याओमानच्या हातात दिलं आणि सुरुवात केली. व्याहीबुवा, खोटं सांगत नाही, सूर लागला की नाही हे मला विचारू नका, मला तुमच्याकडच्या गाण्यातलं काही कळत नाही. मध्ये एकदा मास्तरांच्या कपाळावर आठी आली, म्हणजे चुकला असावा. पण ओळ संपवून त्या थांबल्या, आणि तिथे बसलेल्या सगळ्यांनी मिळून अशी झील धरली की खिडकीच्या काचा थरथरल्या. विहीणबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटचं तोंड मिटलं तेव्हा त्यांनी बरोबर पुढची ओळ उचलली. श्याओमाननं आपल्या आईला गाताना घराबाहेर कधी पाहिलं नव्हतं. ती हातातलं यंत्र घट्ट धरून बसली होती, मला भीती वाटली मोडते की काय.

ठरलंय असं की नववर्षापर्यंत आम्ही दोघी इथे राहणार. पुढचं पुढे. तुम्हीही थंडीत या, वेइतोंग म्हणतो बैठकीत गादी घालता येईल. पाटी आणायची गरज नाही, तोंड नीट उघडून बोलायची सवय करा. विहीणबाई म्हणतात तुम्ही मिशीत बोलता.

बालवाडीतून येताना आता तिघी असतो. यंत्र असलं तरी मागून मारलेली हाक विहीणबाईंना कळत नाहीच, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. नीनीला हे कुणी समजावलं नाही, तिचं तिनंच शोधून काढलं. तिला काही सांगायचं असलं की ती हाक मारत नाही, ओढतही नाही. बाजारापासून घरापर्यंतच्या त्या चढणीवर धावत पुढे जाते, चार पायऱ्या वर चढून उलटी फिरते आणि उभी राहते. तिथे तिचं तोंड आणि आजीचं तोंड बरोबर समोरासमोर येतं. मग ती हात मागे बांधून, एकेक शब्द मोठा करून, दिवसभराचं सगळं सांगते. मागची माणसं खोळंबतात, कुणी बडबडतं, कुणी वाट काढून जातं. विहीणबाई तिचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय वरची पायरी चढत नाहीत.

तुमची विहीण,
च्याओ फंगयिंग